काळं नख
छावणीतल्या कुत्र्यांच्या प्रदर्शनात चषक मिळाला असता, तर काकासाहेबांना गारखेड्यात वर्षभर मिरवायची सोय होती. म्हणून आदल्या दिवशी ते आपला कुत्रा घेऊन घोड्यांना नाल ठोकणाऱ्या इलियासकडे आले. “नखं पार बारीक कर.” “मालक, काळं नख हाय. आतली रक्ताची नस दिसत नाय. जरा जराच घासू.” “घोड्याचे खूर तासतोस आन् नखाला भितोस व्हय?” काकासाहेबांनी त्याच्या हातातली पक्कड हिसकावली आणि नख मुळाशीच तोडलं. रक्ताची धार लागली, कुत्रा केकाटला आणि काकासाहेब मागं सरले. “तुम्हाला कप दिसतो, जनावर नाय दिसत!” असं ओरडत इलियासनं पंजा धरून रक्त थांबवायला त्यावर पीठ दाबलं. कळवळलेल्या कुत्र्यानं त्याचाच हात चावून फोडला. “पाय सोडायचास की!” काकासाहेब लांबूनच म्हणाले. चूक त्यांची, रक्त कुत्र्याचं आणि पोटात चौदा इंजेक्शनं मात्र इलियासला.