ढोलाखालचा आवाज

"चपला काढून रंगमंचावर या, म्हणजे तुम्हालाही ऐकू येईल," शाळेतल्या बाई म्हणाल्या. कर्णबधिर मुलांच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. मी पाहुणी होते आणि मुलं माझ्याच गाण्यावर नाचणार होती.

त्या गाण्याचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरायचं. माझा पहिला अल्बम, त्यातलं पहिलंच नाचाचं गाणं, आणि संगीतकाराने माझा आवाज पार ढोलाखाली गाडून टाकलेला! भांडणानंतर दोन महिने मी त्याच्याशी बोलले नव्हते.

लाकडी रंगमंचाखाली दोन मोठे स्पीकर तोंड वर करून ठेवले होते. गाणं सुरू झालं तशा फळ्या थरथरायला लागल्या आणि तो ढोल माझ्या तळपायांतून पोटऱ्यांत चढला. बावीस मुलं एकाच क्षणी उडाली, एकाच क्षणी थांबली. एक पाऊल चुकलं नाही. मी टाळ्या वाजवायला गेले, तर प्रेक्षकांतली सगळी मुलं दोन्ही हात वर करून हलवत होती. मीही तसेच हलवले.

नाच संपल्यावर पुढच्या रांगेत नाचलेली उल्का नावाची मुलगी आली आणि तिने सरळ माझ्या गळ्यावर तळवा टेकवला.

"गा म्हणतेय," बाई म्हणाल्या.

तेच गाणं मी ढोलाशिवाय, हळू आवाजात म्हटलं. तिचे डोळे मोठे झाले. बाईंकडे वळून तिने भराभर खुणा केल्या.

"काय म्हणतेय?"

"विचारतेय, हे पण होतं त्या गाण्यात?"