शेवटचा रकाना

डोंगराच्या पायथ्याशी चौकीत नोंदवही सांभाळणारा कारकून नियमाचा पक्का होता. वर जाताना नाव लिहायचं, उतरल्यावर सही करायची. पाण्याची बाटली आणि शिट्टी दाखवल्याशिवाय तो सख्ख्या मेव्हण्यालाही फाटकातून सोडत नसे.

दर रविवारी एक म्हातारे गृहस्थ यायचे. बरोबर चारच्या ठोक्याला खाली हजर, हातात लोकांनी वर टाकलेल्या कचऱ्याची पिशवी. चौकीत त्यांचं नावच पडलं होतं घड्याळकाका. सही झाली तरी त्यांचा पाय काही निघायचा नाही. कधी चुकून उशीर झालाच, तर विचारायचे,

"आज पाच मिनिटं उशीर झाला. काळजी वाटली असेल ना तुम्हाला?"

"अहो काका, इथे रोज दोनशे माणसं येतात. कोणाकोणाची काळजी करत बसू?" कारकून मान वर न करता म्हणायचा.

या रविवारी साडेपाच वाजले, धुकं पार फाटकापर्यंत उतरलं, तरी काकांची सही नव्हती. शोधायला माणसं धाडून कारकुनाने वही पुढे ओढली. 'अडचण आल्यास कोणाला कळवायचे' हा शेवटचा रकाना त्याने आजवर कधी नीट वाचलाच नव्हता. तिथे काकांच्या वळणदार अक्षरात एक नंबर होता. घरच्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं, याचे शब्द जुळवत त्याने एकेक आकडा मोबाइलवर दाबला.



त्याच्या कोपराशी, टेबलावरचा चौकीचा फोन खणखणू लागला.