एका घोंगडीत

मेंढरांनी रस्ता अडवला आणि विरेशच्या तोंडून शिवी निसटली.

धुकं इतकं दाट होतं, की मेंढरं दिसायच्या आधी त्यांचं बें बें ऐकू आलं. त्याने करकचून ब्रेक दाबला. जेऊर मागे पडलं होतं, टेंभुर्णी अजून लांब होती, आणि सोलापुरात एक गिऱ्हाईक या मोटारसायकलची वाट बघत होतं. दुपारच्या आत गाडी पोचली नाही तर ते दुसरी बघणार होतं. यंत्रमाग बंद पडल्यापासून विरेशच्या हाताला काम नव्हतं. ही गाडी हातची गेली की सगळंच गेलं. केमवरून गेलं असतं तरी चाललं असतं, पण तो रस्ता त्याला नको होता.

कळपामागून एक म्हातारा धनगर आला. अंगावर काळी घोंगडी, डोक्याला मुंडासं, खांद्यावर कुऱ्हाड.

"राम राम पावणं. टेंभुर्णीपतोर सोडा की. मेंढरं बसवायला म्होरं रान बघायचंय."

"जागा नाही मामा. घाईत आहे मी."

सीट तर अख्खी मोकळी होती. पण म्हाताऱ्याचं लक्ष सीटकडे नव्हतंच. तो हँडलकडे बघत होता. दोन्ही मुठींवर घोंगडीच्या तुकड्यांच्या बाह्या शिवून चढवल्या होत्या. हात आत घातला की बोटांना वारं लागत नसे.

"ह्ये लई ब्येस हाय. कुणी शिवलं?"

"घरच्यांनी," विरेश म्हणाला.

म्हाताऱ्याने बाहीच्या टाक्यांवरून बोट फिरवलं. मागून त्याची बायको आली. तिनेही बाही चाचपली आणि नवऱ्याकडे बघितलं.

"मायाक्का, मेंढरांकडं बघ. मी आलोच जाऊन."

"कुऱ्हाड न्या संगं," ती एवढंच बोलली.

विरेशच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पण पुढे मेंढरं, मागे मेंढरं, पळणार कुठे? तोवर म्हातारा मागे बसलाही. आलिया भोगासी म्हणत विरेशने गाडी काढली.

थंडी अशी, की हेल्मेटच्या फटीतून आलेलं वारं दातांना झोंबत होतं. म्हाताऱ्याच्या मांडीवरच्या कुऱ्हाडीचा दांडा दर खड्ड्याला विरेशच्या कमरेला लागत होता. निर्जन रस्त्यात हा उतरा म्हणाला तर? गाडी काढून घेतली तर? असल्या धुक्यात ओरडून ऐकणार कोण?

"गुडगं टाकीला चिकटवा," मागून आवाज आला. "इंजनाची ऊब मिळती."

विरेशने गुडघे आवळले. खरंच ऊब मिळाली. याला बरी या गाडीची माहिती!

"तुमची गाडी नाही का मामा?"

"हाय की. सध्या दुसऱ्याकडं हाय."

"कोणाकडे?"

"बगू. सापडंल."

हे कसलं उत्तर? विरेश आरशात बघायला गेला, तर आरशावर दव. तेवढ्यात म्हाताऱ्याने अंगावरची घोंगडी सोडली, विरेशच्या खांद्यांवरून पुढे ओढली आणि दोन्ही पदरांची त्याच्या छातीवर गाठ मारली. एका घोंगडीत दोघे.

"कशाला मामा, राहू द्या."

"छातीला वारं लागलं की मानूस गारठतो. गाठ पक्की हाय, सुटायची न्हाय."

ऊब तर लागली, पण जीव घुसमटला. आता हा मागून काय करतोय तेही दिसेना.

"हळू! उसाची ट्रॉली!"

विरेशने गाडी दाबून बाजूला घेतली. बिनदिव्याची ट्रॉली हातभर अंतरावरून गेली. म्हातारा ओरडला नसता तर दोघांचाही चेंदामेंदा झाला असता. विरेशला क्षणभर स्वतःचीच लाज वाटली. जीव वाचवणाऱ्यावर संशय घेत बसलो आपण!

ती लाज फार वेळ टिकली नाही. गाडी आचके देऊ लागली, आणि विरेश काही करायच्या आत म्हाताऱ्याचा हात घोंगडीखालून त्याच्या मांडीजवळ आला. न बघता त्या हाताने टाकीखालचा पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर फिरवला.

विरेशने दचकून मांडी आखडली.

"पेट्रोल संपलंय," म्हातारा म्हणाला. "पंप आला की टाका."

"पुरेल सोलापूरपर्यंत."

"न्हाय पुरायचं."

म्हाताऱ्याचंच खरं झालं. टेंभुर्णीच्या अलीकडे पंपाचे दिवे दिसले आणि इंजिन बंद पडलं. उतार होता म्हणून गाडी घरंगळत मशीनसमोर जाऊन थांबली.

आता बरं झालं, विरेशला वाटलं. इथं माणसं आहेत. म्हाताऱ्याला इथंच उतरवायचं आणि सुटायचं.

"मामा, आली टेंभुर्णी. उतरा."

"टाका की पेट्रोल आदी. मला काय घाई न्हाय."

पंपावरची मुलगी नळी घेऊन आली. स्वेटर, कानाला मफलर, झोपाळलेले डोळे.

"झाकण उघडा."

"बाटलीत द्या ना, ताई."

"बाटलीत देत न्हाय आमी. टाकीत घ्या."

विरेशने एक खिसा चाचपला. मग दुसरा. वायरी जोडून इंजिन सुरू करता आलं होतं, टाकीचं झाकण तसं उघडणार नव्हतं. त्याने उतरायला पाय उचलला, पण छातीवरची गाठ काचली आणि तो होता तिथंच बसला.

"चावी... चावी घरी राहिली, ताई."

"व्हय, घरीच ऱ्हायली हुती," मागून म्हातारा शांतपणे म्हणाला. "केमच्या ठेसनाम्होरनं गाडी गेली तवापास्नं. आमचं घर तेवडं चालत चालत हितवर आलं."

मग त्याने गळ्यातल्या बिरोबाच्या ताइताशेजारची किल्ली काढली, विरेशच्या काखेखालून हात पुढे घातला आणि टाकीचं झाकण उघडलं.