मुलुंडचे सफरचंद

सफरचंदावरचा स्टिकर नखाने खरवडून काढला, तरी त्याचा डिंक राहिलाच. श्यामसुंदरांनी तो ओल्या फडक्याने पुसला, पत्नीच्या शिवणाच्या डब्यातून हिरवा दोरा घेतला आणि पुरते उजाडण्यापूर्वीच ते तळमजल्यामागच्या बागेत गेले. न्यायालयात दुभाषी म्हणून त्यांनी तीस वर्षे इतरांच्या खोट्या साक्षी शब्दशः उतरवल्या होत्या. स्वतः खोटे रचण्याची ही पहिलीच वेळ. गाठ तीनदा सुटली.

प्रश्न झाडाच्या जिवाचा होता. मुलुंडच्या त्या सोसायटीला मागच्या कोपऱ्यात स्कूटरी लावायला जागा हवी होती. सात वर्षांत एक फळ न दिलेले झाड ठेवायचे कशाला, असे सचिव देवव्रतने सभेत विचारले, तेव्हा श्यामसुंदर ताडकन म्हणाले होते, "जूनमध्ये फळ दाखवतो. नाही दाखवलं, तर खुशाल तोडा!"

झाड उष्ण हवेत येणाऱ्या जातीचे. फाल्गुनात ते फुलत असे. होळी झाली की श्यामसुंदर आणि मृणालिनीबाई लेकीकडे नाशिकला जात. जूनच्या आरंभी परतावे, तो फांद्या रिकाम्या. घराची किल्ली वरच्या मजल्यावरच्या अनिरुद्धकडे असे. वनस्पतिशास्त्राचा हा निवृत्त प्राध्यापक भर सभेत गरजला होता, "मुंबईत सफरचंद धरलं, तर मी माझी पदवी परत करीन!" मात्र झाडाला पाणी घालण्यात त्याने कधी एका दिवसाचा खंड पडू दिला नाही. "फुलं गळाली रे, श्याम," असे तो दर वर्षी फोनवर कळवी. बायको गेल्यावर तो स्वयंपाक शिकला होता. दोघे परतले की कैरीच्या मुरंब्याची बरणी घेऊन खाली येई. अशा मित्राशी वाद घालण्यातही सुख होते.

दहा वाजता मंडळी जमली.

"काका, झकास!" देवव्रत ओरडला. "पण हे तर थेट बाजारातल्यासारखं दिसतंय की हो!"

सगळे हसले. श्यामसुंदरांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. देवव्रतने हात पुढे केला, तोच अनिरुद्ध मध्ये आला. त्याची नजर देठावर गेली आणि तेथेच थबकली. दोरा त्याला दिसला, हे श्यामसुंदरांना कळले.

"थांब, देवव्रत. फळ खुडायचीही रीत असते."

त्याने देठ तळव्याने झाकला, मनगट हलकेच फिरवले आणि मूठ खिशात घातली. फळ त्याने मृणालिनीबाईंच्या हाती दिले. "धरलं रे, श्याम. हरलो मी."

पहिले फळ म्हणून मृणालिनीबाईंनी ते देवापुढे ठेवले, हळदकुंकू वाहिले, चिरून प्रसाद वाटला. श्यामसुंदरांनी देवघराकडे पाहिले नाही. त्यांची फोड तोंडातच घोळत राहिली.

"झाड राहू द्या, काका," जाताना देवव्रत म्हणाला. "स्कूटरींचं बघू काहीतरी."

दुपारी श्यामसुंदर जिना चढून वर गेले. अनिरुद्धच्या टेबलावर तो हिरवा दोरा पडला होता.

"पाहिलास ना तू?"

"पाहिला."

"या वयात देवापुढे लबाडी ठेवली रे मी. बायकोने किती भक्तीने कुंकू वाहिलं! संध्याकाळी देवव्रतला खरं सांगून टाकतो. झाड जाईल तर जावो."

"नको सांगूस."

"का? सात वर्षं मला वेड्यात काढलंस, आणि आज जिंकायची वेळ आली तर मलाच पाठीशी घातलंस? उपकार नकोत मला!"

अनिरुद्ध स्वयंपाकघरात गेला आणि मुरंब्याची बरणी घेऊन आला.

"हा घे. यंदाचा द्यायचा राहिला होता."

"विषय बदलू नकोस, अनिरुद्ध."

"बदलत नाही." त्याने बरणी पुढे सरकवली, तिच्यावरचा हात काही काढला नाही. "कैरीचा नाही रे हा, श्याम. कधीच नव्हता. यंदा तुझ्या झाडाला नऊ धरली होती."