चिंचेनं घासलेली कुऱ्हाड

कुऱ्हाड लखलखत होती आणि पुराणवस्तू खात्याचे सक्सेनासाहेब रागानं थरथरत होते.

"ये किसने किया?"

कोठारात पेट्या आणि पेंढा पसरला होता. उज्जैनच्या गढकालिकेजवळच्या टेकाडातून खणून निघालेल्या वस्तू आज भोपाळला जायच्या होत्या. परवापासून मध्यभारत संपणार, नवं राज्य सुरू होणार, आणि नव्या राजधानीला जुन्या वस्तू हव्या होत्या. त्यातली तांब्याची कुऱ्हाड कालपर्यंत शेवाळासारखी हिरवी होती. आज ती पूजेच्या ताम्हनासारखी झाली होती.

"साहब, हमने ही मँजवाई," कोठाराचे कारकून भय्यासाहेब मान खाली घालून म्हणाले. "दिवाली के पहले हमारे यहाँ ताँबा-पीतल इमली से माँजते हैं. घर ले गया था. नई राजधानी में मैली चीज़ कैसे भेजते?"

"हज़ारों साल का हरा रंग! इमली से!"

विनोदिनीला आधी हसू आलं, मग भय्यासाहेबांचा चेहरा बघून वाईट वाटलं. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. या कुऱ्हाडीतलं मोहरीएवढं तांबं मिळावं म्हणून पावसाळ्यापासून ती इथं खेटे घालत होती. तांब्यात इतर धातूंचा थोडा अंश असतोच, आणि तो खाणीगणिक वेगळा. त्यावरून तांबं कुठल्या डोंगरातलं, याचा माग काढता येतो. पण त्यासाठी गंजाच्या आतला धातू हवा, आणि साहेबांचं एकच पालुपद होतं: हिरव्या थराला धक्का लागता कामा नये.

वर निकाल मात्र त्यांनी केव्हाच देऊन टाकला होता. "यहाँ के लोग क्या ताँबा गलाते? बना-बनाया बाहर से आया होगा." उचलली जीभ, लावली टाळ्याला. विनोदिनीला त्या वाक्याची मनस्वी चीड होती. कुऱ्हाड एकदा भोपाळच्या कपाटात गेली की ते वाक्य तिला कायमचं चिकटणार, हेही ती ओळखून होती.

तिनं कुऱ्हाड खिडकीच्या उजेडात धरली. हिरवा थर गेला होता. मग साहेबांची हरकतही गेलीच की!

परवानगी मिळालीच तर म्हणून आणलेलं कॉलेजच्या वर्कशॉपमधलं हातड्रिल तिनं पिशवीतून काढलं.

"मैडम, ये क्या कर रही हैं?"

"आप जिसे बचा रहे थे, वो तो रहा नहीं. अब मना किस बात का?"

"मेरी परमिशन नहीं है!"

"मत दीजिए."

पण एका हातानं कुऱ्हाड धरून दुसऱ्यानं ड्रिल कसं चालवणार? कुऱ्हाड सारखी निसटायला लागली. साहेब गालातल्या गालात हसले.

भय्यासाहेब पुढे झाले. शिंदेसरकारची दप्तरं सांभाळणाऱ्या घराण्यातले हे गृहस्थ. साहेबासमोर बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. ते सरळ फरशीवर मांडी घालून बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी कुऱ्हाड दाबून धरली.

"चालवा बाई. माझी नोकरी तर आता तशीही जायचीच आहे. निदान काही कामाला तरी येऊ दे."

ड्रिल कुरकुरलं, मग चावलं. कुऱ्हाडीच्या बोथट टोकातून तांब्याचा लालसर कीस कागदावर पडला, नखभर.

"और राजपूताने की खानों का निकला तो?" साहेबांनी टोमणा मारला.

"तो राजपूताने का लिखेंगे." विनोदिनी कागदाची पुडी बांधत होती. "पर पूछकर लिखेंगे."

बाहेर ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. साहेबांनी घाईघाईनं फर्मावलं, "चिट लगाओ और बंद करो. लिखो, धातु बाहर से आई हुई."

भय्यासाहेबांनी टाक बुडवला. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. ते त्यांनी कधी घाईनं काढलं नाही, आजही नाही. चिठ्ठी कुऱ्हाडीला बांधून त्यांनी ती पेटीतल्या पेंढ्यात निजवली. साहेबांनी वाकून वाचलं.

"ताँबे की कुल्हाड़ी, उज्जैन. धातु कहाँ की: पूछताछ जारी है."

"मैंने क्या लिखने को कहा था?"

भय्यासाहेबांनी झाकण ठेवलं आणि पहिला खिळा ठोकला.