आठ दिवसांत बारा किलो

“कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही!” दवाखान्याच्या खाटेवर मांडी घालून अक्का सुरू झाल्या. उद्या धाकट्या जावेची, हेमलताची, अंडाशयं काढायची होती. आपलीही पाळी अक्कांसारखी एका दिवसात बंद होणार, अंग सुटणार, या धास्तीनं ती सकाळपासून गप्प होती. तिला हसवल्याशिवाय अक्का हलणार नव्हत्या.

“ऑपरेशन झालं आणि माझ्या अंगाची अशी भट्टी पेटली, की पोटावर पापड भाजावा! वजन वाढलं बारा किलो. मग डॉक्टरांनी हार्मोनची पट्टी दिली. कमरेला चिकटवली मात्र, भट्टी विझली आणि आठ दिवसांत बाराच्या बारा किलो पसार!”

हेमलताला फसकन हसू फुटलं.

“थापा, अक्का! पट्टीनं भट्टी विझली, कबूल. पण दोन वर्षं रोज सकाळी तुमचा हात धरून अजिंक्यतारा किल्ला कोण चढत होतं?”