मग सगळं नीट होतं

"गाडी जुन्याच पत्त्यावर गेली हो, मॅडम! आता वळवलीय, पण पेशंट धापा टाकतोय," रुग्णवाहिका केंद्रातला माणूस फोनवर ओरडत होता.

केतकीने फोन कानाशी धरूनच लॅपटॉप उघडला. रुग्णवाहिकेच्या ॲपमधली पत्ता बदलायची सोय तिच्याच टीमने बनवलेली, आणि स्क्रीनवर त्या सॉफ्टवेअरच्या सगळ्या चाचण्या हिरव्यागार, म्हणजे पास.

"आपल्याकडे पास आहे, त्यांचंच चुकलं असणार," शेजारून स्क्रीन बघत तिच्या टीमचे प्रमुख सर म्हणाले.

तिने चाचणीतली शेवटची पायरी वाचली: 'मग सगळं नीट होतं.' नीट म्हणजे काय? त्या पायरीमागचा कोड उघडला, तर 'पत्ता बदलला' एवढा मेसेज दिसला की चाचणी पास! गाडी कुठे जाते, हे कुणी बघितलंच नव्हतं.

तिने घाईघाईने नवी पायरी लिहून चालवली: 'मग गाडी नव्या पत्त्यावर जाते.' चाचणी लाल झाली, म्हणजे नापास.

"सापडलं! चूक आमचीच आहे," ती फोनमध्ये ओरडली.

"राहू द्या, मॅडम. गाडी पोचली, पण पेशंट गेला." तो माणूस आता ओरडत नव्हता.